मुलाचं अभ्यासात लक्ष नाही? शिक्षकांना असं भेटा!

मुलगा नववीत गेला आणि त्याने वही-पुस्तकाशी फारकत घेतली? घाबरू नका, घाई तर मुळीच करू नका. निकाल हातात पडू द्या, मग या शाळेत. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे चर्चा कशी निवांत होते.

वेळ ठरवून वगैरे येऊ नका. शिक्षक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात निघाले की जिन्यातच गाठा.

मुलाला सोबत आणा, पण तोंड उघडू देऊ नका. परवा एक वडील आले होते, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आल्या आल्या सुरू: "याला काही येत नाही, धाकटी बघा किती हुशार. तुम्ही खुशाल फोडून काढा याला, आमची ना नाही." मुलगा शेजारीच उभा, मान खाली. मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं रे?" उत्तर वडिलांनी दिलं, "त्याला काय वाटायचंय!" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते बाहेर गेले, आणि पोरगं पहिल्यांदा बोललं. बीजगणितातलं गेल्या वर्षापासून काही कळत नाही, विचारलं की वर्ग हसतो, म्हणून गृहपाठच करत नाही. एवढंच होतं. वर्षभर ज्याला आळस, माज, मोबाईलचा नाद म्हणून झालं, ते एवढंच! वडील परत आले आणि म्हणाले, "काय, दिली कबुली?"

कबुली! चोरी पकडली होती का त्याची?

असो. सल्ल्याकडे वळू.

बक्षीस लावा. नव्वद टक्के आण, नवा फोन घेतो. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं होतं, की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना पैसे दिले आणि मग थांबवले, तर त्यांचा कोड्यांतला रस आधीपेक्षा कमी होतो. पण त्याला तुमचा मुलगा कुठे माहीत होता!

सकाळी उठत नाही? आळशीच तो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात रात्री झोपच उशिरा येते, असल्या गोष्टी डॉक्टरांसाठी ठेवा.

आणि आम्हा शिक्षकांतल्या काहींना सलाम. वहीवर लाल शाईने "अधिक लक्ष द्यावे" लिहिलं की त्यांचं कर्तव्य संपतं. कशात लक्ष द्यावे, ते देव जाणे.

बास झालं. अहो, शाळेत येऊन तक्रार करण्याऐवजी चार प्रश्न विचारा की! कोणत्या विषयात अडलंय, कधीपासून, जमत नाही की करायचं नाही, मागच्या बाकावरून फळा तरी दिसतो का? एका आठवड्यासाठी एकच छोटं काम ठरवू, आणि ते मुलालाच ठरवू द्या. आठवड्याच्या शेवटी मी वहीत दोन ओळी लिहीन, त्या वाचा. त्यावरून घरी तमाशा करू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती वही तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. भेटायला येताना फोन बंद ठेवा, मुलगा बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नका. आणि फोडून काढायचं मला सांगू नका. ते काम माझं नाही, तुमचंही नाही.