परीक्षक क्र. २ यांस साष्टांग नमस्कार

माझ्या शोधनिबंधाचा विषय साधा होता. विद्यार्थ्याला त्याच्या कामावरचा अभिप्राय लवकर, नेमका आणि माणसासारखा मिळाला तर तो सुधारतो. हा निबंध मी शिक्षणशास्त्राच्या एका जर्नलला पाठवला आणि त्यावरच्या अभिप्रायाची वाट बघत बसले. ऋतू बदलले. ज्या मुलांच्या वह्या मी निबंधासाठी तपासल्या होत्या ती वरच्या वर्गात गेली. निबंधात 'लवकर'ची मी केलेली व्याख्या फारच कडक आहे की काय, असं मलाही वाटायला लागलं.

पण वाट बघायला मिळणं हे भाग्य फार पुढचं. आधी निबंध जर्नलमध्ये शिरायला हवा.

लेखकांसाठीच्या सूचना माझ्या निबंधाहून लांब होत्या. शब्दमर्यादा एका पानावर संदर्भसूचीसह दिली होती, दुसऱ्या पानावर संदर्भसूची वगळून. कुठलं पान खरं मानू, असं मी नम्रपणे विचारलं. 'कृपया लेखकांसाठीच्या सूचना पाहाव्यात,' असं तितकंच नम्र उत्तर आलं. सारांश अडीचशे शब्दांत हवा, आणि त्यात प्रश्न, पद्धत, नमुना, निष्कर्ष, वर शिक्षकांना त्यातून काय मिळेल तेही हवं. कळीचे शब्द पाच, पण शीर्षकात आलेले चालणार नाहीत. माझा विषय अभिप्राय, शीर्षकात अभिप्राय, आता कळीचा शब्द म्हणून काय देऊ? 'प्रतीक्षा'?

संदर्भसूचीवर मात्र थोडं थांबायलाच हवं, कारण माझ्या पिढीचं अर्धं तारुण्य तिथे गेलं आहे. शिक्षणशास्त्रात अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची, शैली चालते. पूर्वी पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं गाव द्यावं लागे. ती गावं आम्ही शोधशोधून लिहिली. प्रकाशकाचं ऑफिस दोन शहरांत निघालं तर त्यावर स्टाफरूममध्ये गंभीर चर्चा केल्या. २०१९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि गाव काढून टाकलं. का, तर त्याची गरज नाही! हे आधी सांगितलं असतं तर मी एखादं वाद्य शिकले असते. आता नियम असा: जर्नलचं नाव तिरकं, खंडाचा आकडा तिरका, अंकाचा आकडा कंसात आणि सरळ, कंसही सरळ. मी एका संध्याकाळी फक्त कंस सरळ केले.

'एकट्या लेखकाने आम्ही म्हणू नये' असले नियम वाचताना मला नेहमी जॅक हेदरिंग्टन आठवतात. हे अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ. एकट्याने केलेल्या कामावरचा निबंध त्यांनी 'आम्ही'मध्ये टाइप केला होता. सहकारी म्हणाला, एका लेखकाने 'आम्ही' लिहिलेलं फिजिकल रिव्ह्यू लेटर्स घेणार नाही. काळ टाइपरायटरचा, सगळी पानं पुन्हा बडवायची कुणाला हौस! हेदरिंग्टननी आपल्या चेस्टर नावाच्या सयामी बोक्याला एफ. डी. सी. विलार्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं. १९७५ मध्ये निबंध छापून आला. नियम पाळला गेला आणि बोक्याच्या नावावर एक प्रकाशन जमा झालं, जे माझ्या काही परिचितांच्या नावावर आजही नाही.

आमच्या निबंधाचा सहलेखक माणूस होता, माझा तरुण सहकारी. पोर्टलने विचारलं, कोणी काय केलं? त्यासाठी चौदा प्रकारच्या योगदानांची यादी असते: कल्पना, पद्धत, विश्लेषण, देखरेख वगैरे. 'निधी मिळवणे' या रकान्यापाशी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी ऑर्किड (ORCID) क्रमांक, नैतिक मान्यतेचं पत्र, हितसंबंधांचं निवेदन. 'हितसंबंध नाहीत' हे आम्ही इतक्या ठिकाणी लिहिलं की शेवटी मलाच संशय यायला लागला. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली का, हाही प्रश्न होता. नाही म्हणताना जरा वाईट वाटलं. वापरली असती तर दोष देता आला असता.

त्यानंतर साधर्म्य अहवाल. यंत्र निबंध वाचून त्यातला कुठला मजकूर इतरत्र सापडतो ते रंगवून दाखवतं. आमच्या निबंधात त्याला चोरीची सापडलेली वाक्यं म्हणजे 'या अभ्यासाच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत', आमच्या कॉलेजचं नाव आणि संपूर्ण संदर्भसूची. संदर्भसूची इतरांसारखीच आहे हा आरोप वाचून मी चकित झाले. ती इतरांसारखी व्हावी म्हणूनच तर कंस सरळ केले होते.

आता मुख्य गोष्ट, गुप्तता. निबंध छापण्याजोगा आहे का, यावर त्याच विषयातले तज्ज्ञ परीक्षक म्हणून अभिप्राय देतात. लेखकाला परीक्षक कोण ते कळू नये, परीक्षकाला लेखक कोण ते कळू नये. त्यामुळे निबंधातून आपलं नाव, गाव, आभार सगळं काढायचं. आपल्याच जुन्या लेखाचा दाखला दिला असेल तर तिथे नाव खोडून 'लेखक, २०१९' असं लिहायचं, आणि संदर्भसूचीतून तो लेख गाळायचा. फाइलच्या गुणधर्मांतही नाव लपलेलं असतं, तेही पुसायचं. मी इतकी पुसले गेले की माझ्याच निबंधात मला माझी चाहूल लागेना.

त्याच फॉर्मवर पुढे मात्र 'तुमच्या माहितीतल्या परीक्षकांची नावं सुचवा' असा रकाना होता. एकीकडे ओळख लपवा, दुसरीकडे ओळखीचे सुचवा. या सोयीचा एका दक्षिण कोरियन संशोधकाने घेतलेला फायदा २०१२ मध्ये उघडकीला आला. त्याने परीक्षक म्हणून दिलेले ईमेल पत्ते फिरून त्याच्याचकडे किंवा त्याच्या सहकाऱ्यांकडे येत होते. स्वतःच्या निबंधांवर तो स्वतःच अभिप्राय लिहायचा, मधूनमधून बारीकसारीक सुधारणाही सुचवायचा. पकडला कसा गेला? अभिप्राय चोवीस तासांत यायचे. संपादकाला शंका आली, की एवढ्या लवकर कोण वाचतं? वेळेवर आलेला अभिप्राय हा फसवणुकीचा पुरावा ठरतो, हे ज्या क्षेत्रात घडतं त्या क्षेत्रात मी 'अभिप्राय वेळेवर द्यावा' असं सांगणारा निबंध पाठवला होता.

तर निबंध गेला, आणि स्थिती बघण्याचं व्यसन लागलं. 'संपादकांकडे'. बऱ्याच दिवसांनी 'परीक्षकांना निमंत्रण'. मग 'परीक्षण सुरू'. आम्ही एकमेकांना पेढे द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुन्हा 'परीक्षकांना निमंत्रण'. म्हणजे कोणीतरी वाचायला घेतलं होतं आणि खाली ठेवलं. कुठल्या पानावर ठेवलं असेल, याचा मी फार विचार केला. माझा अंदाज साहित्याच्या आढाव्यावर होता.

संपादकाला मी दोष देत नाही. परीक्षकाला या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत, नाव छापून येत नाही, आणि ते करायचं कधी, तर स्वतःचे वर्ग आणि पेपरतपासणी उरकून. त्यातून बिचारे संपादक एकामागून एक 'आपल्या तज्ज्ञतेचा लाभ व्हावा' अशी पत्रं धाडतात आणि तज्ज्ञ आजारी पडतात, परगावी जातात किंवा नुसतेच गप्प बसतात. लोकांना वाटतं ही पद्धत फार प्राचीन. जर्नलं प्राचीन आहेत खरी. लंडनच्या रॉयल सोसायटीचं फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स १६६५ मध्ये निघालं. पण तेव्हा काय छापायचं ते हेन्री ओल्डनबर्ग हे संपादक स्वतःच ठरवत. नेचर या विज्ञानाच्या जर्नलने बाहेरच्या परीक्षकांकडून तपासून घेण्याचा नियम सर्व निबंधांना लावला तो १९७३ मध्ये. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध तिथे परीक्षकाविनाच छापून आला. 'सैद्धांतिक चौकट कमकुवत' असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

आइनस्टाइनना मात्र हा अनुभव आला. १९३६ मध्ये नेथन रोझन यांच्याबरोबर लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरचा निबंध त्यांनी फिजिकल रिव्ह्यूला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाला दिला आणि आलेले आक्षेप आइनस्टाइनना कळवले. आइनस्टाइन भडकले. आम्ही निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी दिलेली नव्हती, अशा आशयाचं पत्र लिहून त्यांनी तो परत घेतला आणि दुसरीकडे दिला. गंमत म्हणजे परीक्षकाचा आक्षेप रास्त होता, आणि निबंध छापून येईपर्यंत त्यातला निष्कर्ष बदललेला होता. ही गोष्ट मी सहकाऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, पण ते आइनस्टाइन होते. आपण परत घेतला तर संपादकांना आनंदच होईल."

अखेर निर्णयाचा मेल आला.

इथे रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग सांगायला हवा, कारण तो मी दरवर्षी शिकवते. त्यांनी काही मुलांना कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा लाभ झालाच नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी वर्गातल्या मूल्यमापनाचा मोठा आढावा घेतला, त्यातही या प्रयोगाचा उल्लेख आहे. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मेल उघडल्यावर मी काय केलं? परीक्षकांचे परिच्छेदच्या परिच्छेद ओलांडून 'खेद' हा शब्द शोधला. तो नव्हता. 'मोठ्या सुधारणा' होत्या. "मॅडम," सहकारी म्हणाला, "मेजर रिव्हिजन म्हणजे पास झाल्यातच जमा."

परीक्षक क्रमांक एक यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. निबंध चांगला, मुलांच्या मुलाखती बोलक्या, तक्ता तीनमध्ये टंकलेखनाची तपासणी व्हावी. देव त्यांचं भलं करो.

परीक्षक क्रमांक दोन यांनी पानं लिहिली होती. मुलाखती बोलक्या आहेत हीच त्यांची तक्रार होती. इतकं बोलण्यापेक्षा आकडे दिले असते तर बरं झालं असतं. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावली किती विश्वासार्ह ते सांगणारा आकडा, कुठे आहे? आम्ही प्रश्नावली वापरलीच नव्हती, तरी अल्फा हवा होता. नमुना लहान आहे, तो मोठा करावा. मुलं वरच्या वर्गात गेली आहेत हे त्यांना कोण सांगणार? निबंध लांब आहे, हजार शब्द कमी करावेत. तसंच सैद्धांतिक चौकट, धोरणात्मक संदर्भ आणि इतर देशांतली स्थिती यांवर प्रत्येकी एक विभाग घालावा. आणि शेवटचा मुद्दा असा की, 'लेखकांना या क्षेत्रातील अलीकडच्या कामाची पुरेशी माहिती दिसत नाही. विशेषतः २०१९ चा पुढील लेख त्यांनी जरूर वाचावा.' पुढे माझं पूर्ण नाव.

मी तो लेख काढून वाचला. बरा होता.

सहकाऱ्याने माझं सांत्वन करायला पीटर्स आणि सेसी यांचा किस्सा काढला. या दोघांनी मानसशास्त्राचे आधीच छापून आलेले बारा निबंध घेतले, लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून अनोळखी केली आणि ज्या जर्नलांत ते छापले होते तिथेच परत पाठवले. १९८२ मध्ये निकाल जाहीर केला. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले, आणि बऱ्याचदा कारण दिलं ते पद्धतीतल्या गंभीर दोषांचं. "म्हणजे बघा मॅडम," तो म्हणाला, "तुमचा २०१९ चा लेख परत पाठवला असता तर तोही आपटला असता." सांत्वनात त्याला अजून तयारी हवी.

मग उत्तराचा तक्ता. डाव्या रकान्यात परीक्षकांची सूचना, मध्ये आमचं उत्तर, उजवीकडे पान क्रमांक. या तक्त्याची स्वतःची एक दरबारी भाषा असते. 'या मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत' म्हणजे सूचना मान्य. 'या अत्यंत मौलिक सूचनेबद्दल आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत' म्हणजे अजिबात मान्य नाही. अल्फाबद्दल आम्ही मनःपूर्वक ऋणी राहिलो. हजार शब्द कापून तीन विभाग घालायचं गणित जमवताना साहित्याचा आढावा निम्मा झाला, आणि खरं सांगायचं तर निबंध वाचायला सोपा झाला. हे श्रेय परीक्षक क्रमांक दोन यांचंच. ते मी त्यांना कळवू शकत नाही, कारण ते कोण हे मला माहीत नाही. २०१९ च्या लेखाबाबत काय लिहायचं हा पेच होता. मी मीच आहे हे सांगितलं तर गुप्तता मोडते. शेवटी लिहिलं: 'सुचवलेला लेख वाचला. उपयुक्त वाटला. त्याचे दाखले निबंधात आधीपासून आहेत.'

निबंध स्वीकारला गेला. महिनोनमहिने निवांत असलेलं जर्नल त्यानंतर एकदम घाईला आलं. मुद्रितं पाठवली, उत्तर अठ्ठेचाळीस तासांत हवं होतं. सोबत मुद्रितशोधकांचे प्रश्न. पहिलाच असा: 'लेखक, २०१९' या संदर्भातील श्री. लेखक यांची आद्याक्षरे कळवावीत. त्यांचा निबंधात वारंवार उल्लेख आहे, परंतु संदर्भसूचीत नोंद नाही.

मी कळवलं, लेखक म्हणजे मीच; तिथे माझं नाव घालावं.

उलट टपाली फॉर्म आला. स्वीकृतीनंतर लेखकाच्या नावात बदल करायचा असल्यास सर्व सहलेखकांच्या सह्या आणि बदलाचं सविस्तर कारण आवश्यक आहे. सहकाऱ्याने सही केली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: परीक्षक क्र. २ यांच्या सूचनेनुसार.