‘बनवलं’ की नुसतं ‘जोडलं’?

नमस्कार. माझ्या घड्याळाच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, कबूल करतो. दोन दिवसांनी पुन्हा वाचली तर निम्मी पटली. म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून न सटकता सविस्तर लिहितोय.

इतरांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात: मशीन विकतचं, केस (बाहेरचं कवच) विकतची, काच विकतची, मग ‘मी हातानं बनवलेलं मनगटी घड्याळ’ असं म्हणणं ही लबाडी आहे, लहान मुलं ठोकळे जोडतात तसलाच हा प्रकार. शिवाय एवढं करून ते दिवसाला दहा सेकंद पुढे पळतं, त्यापेक्षा सेलवरचं साधं घड्याळ बरं. आणि जाता जाता फोटोतल्या एका स्क्रूवर टोमणा.

मशीन विकतचंच आहे. ईटीए या स्विस कंपनीचं 6497, मूळचं युनिटास कंपनीचं: चावीचं, 17 खड्यांचं, खिशातल्या घड्याळासाठी काढलेलं, म्हणून 36.6 मिलिमीटर रुंद. नवशिके तेच घेतात, कारण भाग मोठे असतात. (‘मोठे’ हे इतर मनगटी घड्याळांच्या मानानं. पहिल्यांदा चिमट्यात स्क्रू धरला तेव्हा मला तो मोठा वगैरे काही वाटला नव्हता.) चाकं, मेनस्प्रिंग (चावी दिली की ताकद साठवते ती), हेअरस्प्रिंग (ठोक्यांचा वेग ठरवणारी केसासारखी स्प्रिंग) यातलं मी काहीही केलेलं नाही. हेअरस्प्रिंग तर या जन्मी होईल असंही वाटत नाही. माझे आहेत ते काटे, तबकडी, पुलांचं (चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्यांचं) पॉलिश आणि स्क्रूंचा निळा रंग. तेव्हा शीर्षक सैल होतं. ते बदललंय.

ठोकळ्यांची उपमा मात्र मान्य नाही. ठोकळा चुकीचा बसवला तर काढून परत बसवता येतो. इथे चाकांच्या आसांची केसाएवढी टोकं एकाच पुलाखाली, एकाच वेळी, आपापल्या खड्याच्या भोकात जावी लागतात. एक बसवावं तर शेजारचं कलंडतं. पूल खाली टेकला असं वाटतं, पण टेकलेला नसतो. तो एका टोकावर तोललेला असतो. अशा वेळी स्क्रू आवळायचा नसतो. आधी मोठ्या चाकाला काडीनं हळूच ढकलायचं, शेवटच्या चाकापर्यंत सगळी रांग सळसळत फिरली तरच आवळायचं. हे मला माहीत होतं. तरी रात्री उशिरा, ‘बसलंच असेल’ म्हणून मी अर्धा आटा फिरवला. आवाजही आला नाही. पूल काढून भिंगातून पाहिलं तर एस्केप व्हीलचं (रांगेतल्या शेवटच्या चाकाचं) एक टोक गायब. ते चाक नवं मागवेपर्यंत पेटी बंद करून ठेवली होती.

आणि ‘बनवणं’ या शब्दाचं म्हणाल, तर तो या धंद्यात पहिल्यापासून सैलच आहे. इंग्लंडमध्ये कच्ची मशीन्स लँकेशरमधल्या प्रेस्कॉटला तयार व्हायची आणि पुढे लंडनच्या कारागिराचं नाव घेऊन विकली जायची. स्वित्झर्लंडमध्येही वेगवेगळ्या घरांत वेगवेगळे भाग व्हायचे, जोडणारा तिसराच. सगळं एकट्यानं करणारे जॉर्ज डॅनियल्स (1926–2011) यांच्यासारखे विरळाच. त्यांचंच को-ॲक्शियल एस्केपमेंट (चाकांची ताकद ठोक्याठोक्यानं सोडणारी रचना) ओमेगानं 1999 मध्ये घड्याळात आणलं. रॉजर स्मिथ या घड्याळकारानं तरुणपणी स्वतः केलेलं पहिलं खिशातलं घड्याळ त्यांना नेऊन दाखवलं, तर डॅनियल्स यांचा आक्षेप काय, तर ते हातानं केल्यासारखं दिसतं! दुसरं पुरं व्हायला स्मिथची अनेक वर्षं गेली. म्हणजे तुम्ही आणि मी ज्या बिरुदासाठी भांडतोय, ते तिथे चक्क दोष ठरलं होतं.

अचूकपणाच्या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात, वाद नाही. सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, माझ्या घड्याळातलं चक्र (मागेपुढे झुलणारं चाक) सेकंदाला पाच ठोके देतं. ती लढाई 25 डिसेंबर 1969 ला सेइको कंपनीचं ॲस्ट्रॉन हे स्फटिकावरचं मनगटी घड्याळ विक्रीला आलं तेव्हाच संपली. पण दहा सेकंद म्हणजे किती, हे एकदा मोजून बघा. दिवसाचे ठोके 4,32,000. माझं घड्याळ त्यांत 50 जादा देतं, बस्स. तेही फक्त तबकडी वर करून ठेवलं तर. चावी खाली करून उभं ठेवलं की ते थोडं मागे पडतं, कारण चक्राचा तोल अगदी काटेकोर नसला की गुरुत्वाकर्षण त्याला प्रत्येक कुशीवर वेगळं छळतं. त्यामुळे दिवसभर हातात किती पळालं ते बघून रात्री कोणत्या कुशीवर निजवायचं ते ठरवतो. वेळ बघायला फोन आहेच. या घड्याळाची मला अशी उठाठेव करायला मिळते, यासाठीच मी ते ठेवलंय.

आता स्क्रू. ‘पुलावरचा एक निळा नाही, रंग संपला होता का?’ असं तुम्ही लिहिलंत. रंग लावलेला नसतो हो. स्क्रूचं डोकं आरशासारखं घासायचं, बोटाचा डागही राहू द्यायचा नाही, मग पितळेच्या किसावर ठेवून खालून तापवायचं. पोलाद आधी फिकट पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि 300 अंशांच्या आसपास निळं. जांभळ्यापासून निळ्यापर्यंतचा वेळ एवढा थोडा की पापणी लवली तर निळा उतरून करडा होतो. तसे दोन करडे झाले होते. म्हणून या तिसऱ्याला मी घाबरून लवकर उचललं, आणि तो जांभळ्यावरच थांबला. पुन्हा करायचा तर परत घासणं आलं, आणि याचं डोकं आधीच इतकं घासलंय की खाच उथळ झालीय. आणखी घासलं तर पेचकस धरणार नाही. तेव्हा तो तसाच राहील. नजर मात्र तुमची तेज आहे. तो फोटो निवडताना मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही.