एका स्टारच्या रिव्ह्यूला हॅरोच्या दुकानातून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. मी विकलेल्या ई-सिगारेटच्या टँकमधून तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेत लिक्विड सांडलं, ऑफिसचे कागद चिकट झाले आणि शनिवारी तुम्हाला दुकानात उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्रास झाला हे मी नाकारत नाही.

पण बाकीच्या गोष्टींवर गप्प बसवत नाही. लंडनच्या हॅरो-वेम्बलीतली आपली बरीच माणसं दुकानात यायच्या आधी रिव्ह्यू बघतात. त्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात इथे लिहितो. सिगारेट सोडायची म्हणून तुम्ही स्वस्तातला आणि नवख्याला जमेल असा आरटीए मागितलात, म्हणजे ज्यात लिक्विड तापवणारी तारेची कॉइल आणि ते शोषणारा कापूस आपल्या हाताने बदलता येतो तो टँक. मी २४ पौंडांना गळका माल तुमच्या गळ्यात मारला. तोच ऑनलाइन १७ ला मिळतो. ‘हातही न लावता’ तो दुसऱ्या दिवशी गळला. परत आणलात तर मी अर्धा तास ताटकळत ठेवलं आणि पैसे दिले नाहीत. दुसरा नग मागितलात तर तोंडावर नाही म्हणालो. आणि शेवटी, गणपतीत भेटणाऱ्या आपल्याच माणसाने टोपी घातली.

किमतीचं आधी सांगून टाकतो. १७ ला मिळतो हे खरं आहे. त्या सात पौंडांत माझ्याकडे कॉइल बांधून मिळते, कापूस बसवून मिळतो, जोडीला कापसाचं पाकीट मिळतं, आणि काही अडलं तर दारात येऊन विचारता येतं. ऑनलाइनवाल्याला हाय स्ट्रीटचं भाडं नाही. तुम्हाला ते सात पौंड जास्त वाटले असतील तर त्यावर माझं काही म्हणणं नाही, तो ज्याचा त्याचा हिशोब आहे.

जिव्हारी लागलं ते ‘हातही न लावता’.

दादा, तुम्ही काउंटरपुढच्या स्टुलावर बसला होतात. मी २८ गेज जाडीची कँथॉलची, म्हणजे तापवायच्या मिश्रधातूची, तार घेतली, अडीच मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे दिले आणि टँकच्या तळाला डेकवर, म्हणजे कॉइल कसायच्या बैठकीवर, बसवली. मीटरवर १.१ ओहम आलं, तो आकडा तुम्हीच वाचून दाखवलात. मग कमी वॅटवर जरा जरा तापवत सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे जुळवले. कॉइल मधूनच लाल व्हायला लागून दोन्ही बाजूंना सारखी पसरेपर्यंत मी कापसाला हात लावला नाही, कारण एखादा वेढा वेगळा तापत राहिला तर तिथला कापूस आधी जळतो. त्यानंतर कापसाची पट्टी ओवली, दोन्ही टोकं तिरकी कापली, सुईने विंचरून मोकळी केली आणि खाचांत सोडली, टोक तळाला जेमतेम टेकेल इतकीच. लिक्विडचे थेंब टाकून कापूस पूर्ण भिजवला, मगच टोपण लावलं. तुमच्या मॉडवर, म्हणजे टँक ज्यावर बसतो त्या बॅटरीच्या डबीवर, १३ वॅट लावून दिले आणि १२ ते १४ च्या वर जाऊ नका असं सांगितलं.

तुम्ही परत आणलात तेव्हा तुमच्यासमोरच उघडला. आत माझा कापूस नव्हता. केमिस्टकडे कापसाचे गोळे मिळतात त्यातला होता, पीळ देऊन चपटा केलेला. उजवीकडचं टोक खाचेत होतं. डावीकडचं आखूड पडून वरच अडकलं होतं आणि त्या मोकळ्या खाचेतून लिक्विड सरळ कॉइलखाली उतरून साचलं होतं. कॉइलचा एक पाय स्क्रूखालून निम्मा निसटला होता, त्यामुळे मीटरवरचा आकडा ठरत नव्हता. मॉडवर ३० वॅट दिसत होते. मी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘चव जळकी लागली म्हणून यूट्यूबवर बघून कापूस बदलला.’

बदललात यात काहीच वावगं नाही. बदलता यावा म्हणूनच तर आरटीए घ्यायचा. जळकी चव आली ती ३० वॅटमुळे, हे तुम्हाला तेव्हाच फोन करून विचारता आलं असतं, नंबर पावतीवर आहे. पण बदलून झाल्यावर चारचौघांत ‘हातही न लावता गळला’ असं लिहायचं? माझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे. असं वाक्य वाचून चार माणसं दारातून परत जातात आणि ती गेल्याचं मला कळतसुद्धा नाही.

हा टँक गळतो कधी, तेही सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. लिक्विडला खाली यायला दोन खाचांचीच वाट असते आणि कापूस हे त्या खाचांचं बूच. लिक्विड थोडं थोडं कापसात शिरतं तसे हवेचे बुडबुडे वर जातात, आणि टँकमध्ये लिक्विडच्या वर दाब कमी राहतो म्हणून बाकीचं लिक्विड आतच धरलं जातं. बूच सैल झालं की हे धरणं सुटतं आणि सगळं खाली येतं. फार ठासून भरलं तर उलट होतं: कॉइलपर्यंत काही पोचत नाही, कोरडा कापूस जळतो आणि घशाला झटका बसतो. सगळी मेख या कापसात आहे. टँकची किंमत २० पौंड असो की १२०, त्याने यात फरक पडत नाही.

आणि तुम्हाला दिलेला टँक वरून हवा घेणारा होता, तो मी मुद्दाम काढून दिला होता. हवेची भोकं खाली असली की कापूस जरा चुकला तरी लिक्विड थेट भोकातून मॉडवर ओघळतं. वरून हवा घेणाऱ्यात ती लिक्विडच्या पातळीच्या वर असतात, म्हणून उभा ठेवला तर नवख्याची चूक खपून जाते. आत लिक्विड साचलेलं असताना आडवा पडला तर मात्र त्याच भोकांतून बाहेर येणार. तुमच्या बॅगेत तो चार्जरखाली आडवा होता, असं तुम्हीच सांगितलंत.

आता अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तुमचा टँक सुटा करून गरम पाण्यात धुतला, ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, एकेक करून भिंगाखाली बघितल्या, नवी कॉइल बांधली, नवा कापूस घातला, भरला आणि टिश्यूवर ठेवला, आधी उभा, मग आडवा. मध्ये रांगेतल्या दोघांचं गिऱ्हाईक केलं, कारण शनिवारी दुकानात मी एकटाच असतो. टिश्यू कोरडा राहिला. मी तो उचलून तुमच्या हातात दिला होता. हे सगळं गळतंय की नाही हे ठरवण्यासाठी चाललं होतं, आणि त्याचे मी पैसेही घेतले नाहीत. इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे दुकानातून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि तसं असतं तर मी कुरकुर न करता दिले असते. इथे दोष नव्हता. आणि तोंडाला लागलेला टँक मला दुसऱ्याला विकता येत नाही.

‘नवख्याला न झेपणारी वस्तू दिली’ असंही तुम्ही लिहिलंत. मी आधी तुम्हाला साधा पॉड, म्हणजे तयार कॉइलची छोटी ई-सिगारेट, घ्या म्हणालो होतो, १५ पौंडांचा. सिगारेट सोडायची तर सुरुवातीला तो सोपा. तुम्ही म्हणालात, तयार कॉइलींचा खर्च नको, हाताने करायची आवड आहे. तेही मला पटलं. पाच कॉइलींच्या पाकिटाला १० ते १५ पौंड पडतात आणि एक कॉइल आठवडा-दोन आठवडे चालते. तारेचं रीळ आणि कापूस मिळून त्याहून कमीत येतं आणि महिनोन्‌महिने पुरतं. मग तुमच्यापुढे पर्याय ठेवले. इनोकिन कंपनीचा एरीस दाखवला, फिल बुसार्डो आणि दिमित्रिस अग्राफिओटिस या ई-सिगारेटच्या रिव्ह्यूवाल्यांसोबत केलेला, सिगारेटसारखा आधी तोंडात ओढून मग आत घ्यायचा. गीकव्हेप कंपनीचा झ्यूस दाखवला, वरून हवा घेणारा पण मोकळ्या ओढीचा, म्हणजे थेट छातीत ओढायचा. शेवटी घेतलात तो तिसरा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण बनवणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही. एकाच कॉइलचा म्हणून दिला, दोन कॉइली समान ओहमच्या जमल्या नाहीत तर एक जास्त तापते. तारेचे पाय स्क्रूखाली बाजूने सरकवता येतात असा डेक दिला. ज्या डेकमध्ये पाय आधीच मापात कापून वरून सोडावे लागतात, त्यात नवीन माणसाची एखाद मिलिमीटरने गडबड होते. मला जास्त पैसेच काढायचे असते तर शेल्फवर कायफन नावाचा टँक होता, शंभर पौंडांच्या वरचा. त्याच्याकडे तुम्ही बोट केलंत तेव्हा ‘आत्ता नको’ असं मीच म्हणालो होतो. टँक लहान आहे असं लिहिलंत, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे या देशात २ मिलीपेक्षा मोठा टँक विकता येत नाही, कोणत्याही दुकानात जा.

दुसऱ्या नगाबद्दल. तो नग तुम्हाला पुण्याच्या भावासाठी न्यायचा होता, हे रिव्ह्यूत आलं नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात आणि विक्री बंद आहे, पूर्ण वस्तू असो की सुटा भाग. पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबई विमानतळावर तुमची बॅग उघडली गेली तर माझी पावती तुम्हाला वाचवणार नाही. आवाज चढला असेल तर तो काळजीने चढला. विक्री झाली असती तर मला चार पैसे मिळालेच असते.

दुकान चालवणं आता सोपं राहिलेलं नाही. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आली आणि सहज येणारं गिऱ्हाईक तुटलं. लिक्विडवर १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीला २ पौंड २० पेन्सचा कर ठरलाय, वर व्हॅट वेगळा. अठराच्या आतल्या पोराला मी दारातूनच परत पाठवतो, सिगारेट न ओढणाऱ्यालाही ‘हे सुरूच करू नका’ म्हणतो, कारण हे सिगारेटपेक्षा कमी घातक असलं तरी निरुपद्रवी नाही. राहतात ती तुमच्यासारखी माणसं, सिगारेट सुटावी म्हणून मनापासून येणारी. त्यांच्यासाठी वीस-वीस मिनिटं कापूस विंचरत बसतो. त्यांनीच ‘टोपी घातली’ म्हटलं की कुठे जायचं?

असो. शनिवारी मदतीला कुणाला तरी ठेवायचं बघतोय, पगाराचं गणित बसलं की. कापूस कसा बसवायचा याचा मराठीत एक कागद छापून प्रत्येक डब्यात घालायचाही विचार आहे.

स्टार तुम्हाला योग्य वाटतील तेवढेच ठेवा, फक्त ते ‘हातही न लावता’ दुरुस्त करता आलं तर करा. टँक घेऊन पुन्हा या, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी, तेव्हा गर्दी नसते. कापूस तुमच्या हाताने बसवून घेईन, मी फक्त बघेन, पैसे नकोत. येताना मॉडमधली बॅटरीही आणा. तिच्या वरच्या कडेला वेष्टण फाटलेलं मला शनिवारी दिसलं होतं, बोलायचं राहून गेलं. तशी बॅटरी खिशात नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू नका, आणि मी नवं वेष्टण चढवून देईपर्यंत वापरूही नका.

आपला,
दुकानदार, हॅरो