गिनी पिगला माडी नको, जमीन हवी

सध्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. ‘गिनी पिग पाळताय? मग पिंजऱ्याला वरचा मजला केलाच पाहिजे’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. मजला चढवला की लहान पिंजऱ्यातही जागा दुप्पट होते. गिनी पिग अँडीज पर्वतातला, त्याला चढ-उतार लागतोच. वरचा मजला जाळीचा ठेवला की लेंड्या खाली पडतात, साफसफाई वाचते. उन्हाळ्यात वर हवा खेळते, म्हणून खालच्यापेक्षा गार राहतं. दाणापाणी वर ठेवलं की आपोआप व्यायाम होतो, शिवाय मांजरीची भीती नाही. आणि पिल्लं व्हायची असली की नर वर, मादी खाली, असं वेगळं ठेवता येतं.

पाचोऱ्याच्या ताईचा फोन आला तोवर तिच्या मुलाने जाळी कापून आणलेली होती. ‘भाऊ, तुझ्याकडे सनपॅकचं शीट पडलंय ना, ते पाठव. हा आजच माडी बसवतोय.’ पिंजरा कुठे आहे? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. केवढा आहे? दोन फूट बाय दीड फूट. आत कोण? एक नर, एक मादी, आणि मादी गाभण. थांब म्हटलं तर भाचा म्हणतो, ‘मामा, हजारो लोकांनी शेअर केलंय.’ म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांच्या घरी अशीच कापाकापी चालू असेल त्यांनी ते काम थांबवून आधी हे वाचावं.

पहिल्यांदा तो गारव्याचा मुद्दा घेतो, कारण त्यात जीव जाईल. गरम हवा वर चढते हे शाळेत शिकलेलो आहोत. जळगाव, भुसावळ, पाचोरा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, कधी त्याच्याही पुढे. दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत जाऊन आधी फरशीवर बसा आणि मग उभे राहा, डोक्याला झळ लागते की नाही ते कळेल. कोणी म्हणेल, माडीच्या दीड फूट उंचीने असा काय फरक पडणार? हवेत थोडाच पडेल, मान्य. खरा फरक फरशीचा आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर ओला पोचा मारून तिच्यावरच आडवी होतात. खाली असलेला गिनी पिगही तेच करतो, पोट फरशीला चिकटवून पसरतो आणि अंगातली उष्णता तिला देतो. माडीवर त्याच्या पोटाखाली प्लायवूड किंवा जाळी असते आणि पाठीवर तापलेला पत्रा.

या प्राण्याला घाम येत नाही. अंग गोल, केस दाट, कान छोटे. अंगातली उष्णता बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे फारच कमी आहे. साधारण १८ ते २४ अंशांत तो सुखाने राहतो, तिशीच्या वर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. लठ्ठ, लांब केसांच्या आणि गाभण जनावराला जास्तच. आपल्या ४५ अंशांचं काय बोलायचं! उष्माघात झालेला गिनी पिग पाय पसरून निपचित पडतो, भराभर श्वास घेतो, तोंडाशी लाळ येते. अशा वेळी सावलीत न्या, साध्या पाण्यात भिजवलेला कपडा कानांना आणि पायांना लावा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात पिंजऱ्याची जागा एकच: खालच्या मजल्यावरची, उन्हाची तिरीप न येणारी खोली, आणि तीही जमिनीवर. कूलर खोलीत चालू द्या, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर नको, ओलाव्याने गवत बुरसतं. लाइट गेली तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून आत ठेवा, हवं तेव्हा गिनी पिग तिला टेकून बसतात. फरशीचा एक सुटा तुकडा आत ठेवला तरी फरक पडतो. यातलं काहीही त्या व्हिडिओत नाही, आणि तो खानदेशात मार्च-एप्रिलमध्ये फिरतोय. राग येतो तो याचा.

आता ‘बघा भो, डबल जागा!’ हा मुद्दा. अमेरिकेतल्या ह्युमेन सोसायटी या प्राणी-कल्याण संस्थेने (२०२५ पासून तिचं नाव ह्युमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स) दोन गिनी पिगांसाठी किमान साडेसात चौरस फूट जागा सांगितली आहे आणि शक्य असेल तर साडेदहा, म्हणजे साधारण ३० बाय ५० इंचांचा पिंजरा. भाच्याचा पिंजरा तीन चौरस फुटांचा. त्यावर तेवढाच मजला धरला तरी सहाच होतात, किमान आकड्याच्याही खाली. आणि तेवढाच मजला मिळत नाहीच, कारण वर जायला वाट सोडावी लागते. गिनी पिगला सोसेल असा उतार फार तर ३० अंशांचा. या हिशेबाने दीड फूट उंचीसाठी तीन फुटांची फळी लागते आणि ती जमिनीवर अडीच फुटांहून जास्त लांबी खाते. पिंजराच दोन फुटांचा! म्हणजे ती फळी आत मावतच नाही. व्हिडिओतली फळी नीट बघा, जवळजवळ उभी आहे, वर आडव्या काड्या ठोकल्यात. गिनी पिगसाठी ती शिडी झाली. मजल्याच्या निम्म्या उंचीवर तो थबकतो तिथे व्हिडिओ कापलाय, पुढच्या दृश्यात तो वर बसलेला दिसतो. वर कोणी ठेवला असेल ते सांगायला नको.

जागा कशाला लागते तेही समजून घ्या. गिनी पिग पळतो तो सरळ, लांब, एका दमात. खुशीत आला की जागच्या जागी चारी पायांनी उसळ्या मारतो. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही, की दोन छोट्या तुकड्यांची बेरीज म्हणजे एक मोठी जागा होत नाही.

अँडीजचं म्हणाल तर प्राणी तिकडचाच आहे, ते खरं. पण डोंगरात राहतो म्हणून कडे चढतो, हा कुठला न्याय? त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतात राहतात आणि गवताच्या बुडाशी ये-जा करून बोगद्यासारख्या वाटा पाडतात. पेरूमध्ये लोक हजारो वर्षं हा प्राणी, खाण्यासाठी का होईना, पाळतात आणि खेड्यांतल्या घरांत तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा हिंडतो. पाय आखूड, अंग जड (मोठा गिनी पिग सहज किलोभर भरतो), आणि खोलीचा अंदाज कच्चा. मांजर पडता पडता अंग वळवून पायांवर येते, याला ते जमत नाही. दीड फुटावरून पडला तर पाय मोडतो, पुढचे दात तुटतात, पाठीच्या कण्याला मार बसू शकतो. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी-शेळ्यांचे. एवढ्याशा जिवाचा एक्स-रे काढून पाय बसवणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी शोधून बघा.

जाळीचा मजला तर व्हिडिओतली सर्वांत बेपर्वा सूचना आहे. गिनी पिगचा एक पाय हातात घेऊन उलटा करून बघा. तळवा उघडा असतो, केस नसतात, कातडी मऊ. पुढे चार बोटं, मागे तीन. या तळव्यावर सगळा भार घेऊन तो दिवसभर जाळीच्या तारेवर उभा राहिला की आधी कातडी लाल होते, मग सुजते, मग जखम होऊन चिघळते. पुढे हाडापर्यंत जाते, आणि एकदा तिथवर गेलेली जखम सहसा पूर्ण बरी होत नाही. तारेच्या चौकटीत बोट किंवा पाय अडकून मोडतो ते वेगळंच. आणि लेंड्या खाली पडतात म्हणजे कुठे पडतात? खालच्या गिनी पिगच्या अंगावर आणि त्याच्या गवतावर. मूतही तिथेच. वाचलेली साफसफाई ती हीच का? फ्लीसचं, म्हणजे मऊ लोकरीसारखं, कापड अंथरा, खाली शोषणारी गादी घाला, रोज लेंड्या झाडा. पाच मिनिटांचं काम आहे.

दाणापाणी वर ठेवायचा मुद्दा वाचायला निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, माणसासारखंच ते बाहेरून मिळावं लागतं. ते कमी पडलं की सांधे दुखतात, सुजतात, आणि दुखऱ्या सांध्यांचा गिनी पिग फळी चढत नाही. म्हणजे ज्याला खाण्याची सर्वांत जास्त गरज तोच खालून बघत बसणार. एक दिवस पोट रिकामं राहिलं तरी याची आतडी मंदावतात आणि ते जिवावर बेतू शकतं. माडीचा खर्च ढोबळी मिरची, पेरू, कोथिंबीर आणि भरपूर वाळलेल्या गवतावर करा. (लसूणघास मोठ्या गिनी पिगला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, मूतखड्याची भीती.) मांजरीसाठी झाकण लागतं, मजला नाही. त्यावर एवढंच पुरे.

आता जे थोडं खरं आहे तेही सांगतो, नाहीतर कोणीतरी परदेशातल्या पिंजऱ्यांचे फोटो पाठवणारच. खालची जमीन आधीच साडेसात-दहा चौरस फूट असेल, तर एका टोकाला बुटकी माडी केली म्हणून काही बिघडत नाही. काही गिनी पिग तिथे आवडीने जातातही, आणि माडीखाली लपायला चांगला आडोसा होतो. पण उंची फूटभरच, फळी निदान दोन फुटांची, दोन्ही बाजूंना कठडा, पायाखाली सतरंजीचा किंवा फ्लीसचा तुकडा घट्ट बसवलेला, आणि माडीच्या कडेला सहा इंचांची भिंत. तळ सलग, जाळी कुठेही नाही. गवत, पाणी खालीच. म्हातारा, आजारी किंवा गाभण गिनी पिग असेल तर फळी काढून ठेवायची. आणि जागेच्या हिशेबात माडी धरायचीच नाही.

राहिला नर-मादीचा मुद्दा, आणि ताईच्या घरी तो आज लागू आहे. वेगळं ठेवायला हवंच, तेवढं त्या माणसाचं बरोबर. दुकानदार नर-मादीची ‘जोडी’ देऊन मोकळे होतात. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नर आधीच बाजूला काढावा लागतो. दिवस भरायला ५९ ते ७२ दिवस लागतात, तेव्हा नेमका दिवस कळेल या भरवशावर राहू नका. पण एकाच्या डोक्यावर दुसरा ठेवून नव्हे. मधली वाट बंद केली की दोघांच्या वाट्याला फार तर तीन-तीन चौरस फूट येतात, आणि त्यातल्या एकावर वरून घाण गळत राहते. नरासाठी वेगळा पिंजरा शेजारीच, जमिनीवर, मध्ये जाळी उभी लावून ठेवायचा. म्हणजे वास येतो, आवाज येतो, एकटा पडत नाही. पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, पहिल्या दिवसापासून पळतात, म्हणून जाळीची भोकं बारीक हवीत. पिल्लांतले नर तीन आठवड्यांचे झाले की आईपासून काढून बापाकडे द्यायचे.