कॉम्प्युटर किलोवर विकायला निघालेल्यांसाठी

मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्याचा परवा फोन. "भंगारवाला कॉम्प्युटरचं किलोला काय देतोय रे?" ज्यावर तिच्या चटणी-मसाल्याची बिलं निघतात, तो चांगला चालता डेस्कटॉप! कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: 'विंडोज १० बंद झाले. जुने कॉम्प्युटर आता चालू होणार नाहीत. चालवल्यास बँक खाते रिकामे होईल. लिनक्स हॅकर लोकांचे आहे, त्यात मराठी नाही. ताबडतोब भंगारात द्या.'

बंद झालं हे अर्धं खरं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. पण कॉम्प्युटर चालत राहील, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनंच आपल्या साइटवर लिहून ठेवलंय. अपडेटशिवाय बँकिंग करणं दिवसेंदिवस धोक्याचं, हेही मान्य. पण खातं आपोआप रिकामं? काहीही!

डोकं फिरलं ते 'भंगारात द्या' वाचून. आत्याच्या हार्ड डिस्कवर आधारची स्कॅन आहेत, पासबुकाचे फोटो आहेत, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. विंडोजला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फोल्डर सरळ उघडतात. म्हणजे खातं वाचवायच्या नादात तिजोरीची किल्लीच तराजूत टाकायची! द्यायचाच असेल तर बाजूचं झाकण उघडा, डिस्कचे स्क्रू सोडवा, ती घरात ठेवा आणि उरलेला डबा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ती हॅकर लोकांची म्हणे! केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं तिच्यावरच शिकतायत. आणि मराठी? टायपिंगचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा, झालं.

आत्याच्या मशीनला रॅम ४ जीबी. तेवढी विंडोज ११ लाही चालते, पण प्रोसेसर जुना आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, तिथं गाडी अडते. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती किमान २ जीबी मागते, ४ असली तर बरं. पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघायची. इन्स्टॉल करेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. तेवढ्यात वाय-फाय आणि बिलाचा प्रिंटर तपासून घ्यायचा. इन्स्टॉल करताना मात्र 'इरेज डिस्क' निवडलं की जुनं सगळं साफ, म्हणून आधी फायली दुसरीकडे काढून ठेवा. ही खरी भीती मेसेजवाल्याला सुचलीच नाही! १ जीबीचं, फार जुनं ३२-बिट मशीन असेल तर अँटीएक्स हे आणखी हलकं लिनक्स टाका, पण त्यावर यूट्यूबचा हट्ट नको.

हिशेबाचं टॅली वापरणाऱ्यांनी मात्र उड्या मारू नयेत, ते लिनक्सवर थेट चालत नाही. घरगुती विंडोज १० ला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. ती करा, आणि टॅलीच्या डेटाचा बॅकअप आजच काढा.