दोनशे लिटर ताकात किती चुनखडी विरघळते?

मामांचा फोन आला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होते. "पोरी, तुमच्या शाळेत ॲसिड असतंय की. दोन कॅन मिळतील काय?"

मामा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातले. साडेसहा एकर रान, निम्म्यात ऊस, एका तुकड्यात द्राक्षं. कृषी होंड, म्हणजे शेततळं, खणायला घेतला आणि साडेतीन फुटांवर पांढरा थर लागला. त्याच आठवड्यात त्यांच्या मोबाइलवर 'जमिनीखालचं वाळवंट' हा मेसेज येऊन पडला. माझ्याकडे तो आत्तापर्यंत चार ग्रुपांवरून आला आहे, त्यातला एक आमच्या सोसायटीचा, जिथे कुणाकडे कुंडीभर मातीसुद्धा नाही.

मेसेज थोडक्यात असा. तुमच्या शेतात खाली पांढरा कडक थर दिसला तर समजा की वाळवंट खालून वर येत आहे, दहा वर्षांत तुमचं रान राजस्थान होणार. हा थर युरियामुळे बनतो. अमेरिकेत याला कॅलिशे म्हणतात आणि त्यावर काहीही पिकत नाही. उपाय : एकरी २०० लिटर ताक आणि ५ किलो गूळ, २१ दिवसांत थर विरघळतो. घाई असेल तर ॲसिड ओता. तेही नसेल तर जेसीबीने थर फोडून वरच्या मातीत मिसळून टाका. सोबत व्हिडिओ : पांढऱ्या दगडावर व्हिनेगर पडतं, फेस येतो, मागे गंभीर संगीत.

मामांनी जेसीबीवाल्याला दोन हजार ॲडव्हान्स दिला होता. मामींनी डेअरीत ताकाची चौकशी केली होती. म्हणून हे लिहिते आहे. एरवी मी अशा मेसेजना उत्तरं देत बसत नाही.

आधी ताकच घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

फेस येतो हे खरं आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आठवी-नववीच्या पोरांना हे आम्ही चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवतो. त्या फेसातून एवढंच कळतं की दगडात चुना आहे. थर 'मरतोय' असं त्यातून कळत नाही. किती आम्लाला किती चुना, हा हिशेब व्हिडिओत कुणी केलेला नाही. तो मी पेपर बाजूला ठेवून केला.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. मामांचा थर साधारण चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर. झाले ४०५ घनमीटर. घनमीटरला दीड टन धरला तर सहाशे टन माल, आणि त्यातला निम्माच चुना मानला तरी ३०० टन. आता ताक. आंबट ताकात लॅक्टिक आम्ल उदार मनाने एक टक्का धरू. २०० लिटरांत २ किलो आम्ल. एक किलो चुना विरघळायला १.८ किलो लॅक्टिक आम्ल लागतं, म्हणजे त्या २०० लिटरांत विरघळला जेमतेम एक किलो. गूळही सोडत नाही. पाचच्या पाच किलो आंबून आम्ल झाला असं धरलं तर आणखी पावणेतीन किलो. एका डोसात एकूण चार किलो म्हणा.

३०० टनांना पंचाहत्तर हजार डोस. दर २१ दिवसांनी एक दिला तर ४,३०० वर्षं. तेवढी वर्षं मामींनी एकरी दोनशे लिटर ताक घुसळायचं.

आणि हासुद्धा हिशेब ताकाच्या बाजूने झुकवलेला आहे. कारण ताक थरापर्यंत पोचणारच नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत वरच्या थरातही चुना असतोच, तो ते आम्ल वाटेतच संपवेल. खाली साडेतीन फुटांवर पोचेल ते पाणी.

ॲसिडचं गणित आणखी सरळ आहे. एक किलो चुन्याला जवळपास एक किलो सल्फ्युरिक आम्ल. ३०० टनांना २९४ टन. शाळेचे दोन कॅन, मामा! शिवाय तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं तर ते उकळून अंगावर उडतं. ओल्या रानात, उघड्या पायांनी, गड्याच्या हातात बादली देऊन ते ओतायला सांगणाऱ्या माणसाला मी मेसेज लिहिणारा म्हणणार नाही, दुसरं काहीतरी म्हणेन. पण ग्रुपात वडीलधारी माणसं आहेत.

आता युरिया. असा थर कसा बनतो याचा सगळ्यात चिवट अभ्यास अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेसच्या वाळवंटी भागात झाला. १९५७ ते १९७२, पंधरा वर्षं. त्यातले लेलँड गाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये चुना साठण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पाऊस थोडा, त्यामुळे पाणी ठरावीक खोलीपर्यंतच मुरतं. वरून विरघळवून आणलेला चुना ते तिथे सोडतं आणि उडून जातं. काही हजार वर्षांच्या जमिनीत फक्त खड्यांवर पांढरी पुटं दिसतात. मग पुटं जाड होतात, खड्यांमधल्या फटी भरतात. लाखो वर्षं जुन्या सपाटीवर मात्र सलग, दगडासारखी पाटी सापडते, तीच कॅलिशे. त्यातला बराचसा कॅल्शियम खालच्या खडकातून आलेलाच नाही, वाऱ्याच्या धुळीतून आणि पावसातून आला, हेही याच कामातून पुढे आलं. तिथे कुठल्या काकांनी युरिया टाकला होता?

आपल्याकडे युरियाची पोती शिवारात यायला लागली त्याला साठेक वर्षं झाली. शिवाय युरियाचं नायट्रेट होताना माती थोडी आम्लच होते. म्हणजे युरियाने चुना झालाच तर किंचित विरघळेल. युरिया बेसुमार टाकू नये हे मला मान्य आहे, त्याची कारणं वेगळी आहेत.

'खालून वाळवंट येतंय' यात तर बैलाच्या पुढे गाडी आहे. पाऊस कमी म्हणून थर बनतो, थरामुळे पाऊस कमी होत नाही. वाळवंट खालून उगवत नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा. खानापूरकडे पावसाने चुना केव्हाच धुऊन नेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, त्याचा जांभा झाला. तोही कडक थरच, पण त्यावर लिंबू पिळून बसा, फेस येणार नाही. अथणीकडे पाऊस तुटपुंजा, म्हणून काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे. आजोबा विहिरी खणायचे तेव्हाही ते निघायचेच, फक्त तेव्हा मोबाइल नव्हता.

सगळेच कडक थर चुन्याचे नसतात, हेही त्या मेसेजच्या गावी नाही. काही वाळवंटी जमिनींत थर सिलिकेने सांधलेला असतो. त्यावर ताक ओता, ॲसिड ओता, ढिम्म हलत नाही. काही ठिकाणी जिप्समचा असतो. आणि उसाच्या रानात फूटभर खाली जो कडक पट्टा लागतो तो बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या वजनाने आणि दरवर्षी त्याच खोलीला नांगरल्याने झालेला. तो थोड्या वर्षांत होतो आणि सबसॉयलर (खोलवर जाणारा नांगर) घालून, रान कोरडं असताना, फोडताही येतो. मेसेजने हे सगळं एकाच पोत्यात भरलं आहे.

'रान राजस्थान होणार' आणि 'काहीही पिकत नाही' यावर फार लिहीत नाही. राजस्थानात श्रीगंगानगरला किन्नू आणि कापूस पिकतो, तेवढं पुरे.

पण इथे एक गोष्ट मेसेजच्या बाजूने कबूल करावी लागते, नाइलाजाने. खाली घट्ट थर असला की मुळं अडतात आणि पाणीही अडतं. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं तेव्हा काही भागांत नेमकं हेच झालं. खाली पाणी न सोडणारे थर होते, वरून पाटाचं पाणी भरमसाट, जमिनी पाणथळ झाल्या, मीठ वर आलं. तिकडे त्याला 'सेम' म्हणतात. आपल्याकडे कृष्णाकाठी लिफ्ट इरिगेशनच्या पाण्यावर ऊस घेऊन जी रानं खारवट-चोपण झाली, तीही तुंबलेल्या पाण्याचीच गोष्ट आहे. म्हणजे बिघडतं ते थरावर पाणी साचवून. आणि मेसेज काय सांगतो, तर वरून आणखी दोनशे लिटर ओता.

जेसीबीचं काय? तो नुकसान करणारा सल्ला आहे. चुनखडी वर आणून मातीत कालवली की सामू (पीएच) वाढतो, स्फुरद अडकतं, लोह पिकाला मिळत नाही. उसावर केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात आणि मग हिराकस (फेरस सल्फेट) घ्यायला दुकानात धावायचं. साडेतीन फूट खाली निवांत पडलेला चुना डिझेल जाळून मुळांच्या तोंडाशी आणायचा, तोही तासाच्या भाड्याने! फळझाड लावायचं असेल तर तेवढ्या खड्ड्यापुरता थर पहारीने आरपार फोडावा, निघालेली चुनखडी बांधावर टाकावी. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरून सकाळी बघावं. पाणी तसंच असेल तर तिथे झाड लावू नये.

मामांना मी ॲसिड दिलं नाही, एक काम दिलं. थराचा लिंबाएवढा ढेकूळ वाळवून रात्रभर पाण्याच्या तांब्यात ठेवायचा. खरा सांधलेला थर पाण्यात फुटत नाही. सकाळी सहाला फोन. "अगं, त्याचं पीठ झालंय की! तळाला नुसतं खडं राहिल्यात." लिंबू पिळायला सांगितलं, फेस आला. म्हणजे मऊ चुनखडी आणि खडे. ज्याला वाळवंटाची पाटी म्हणून घाबरले होते, ती त्यांच्या रानात नाहीच.

माती तपासायला मात्र सांगितलं. मृदा आरोग्य कार्ड त्यांच्याकडे आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली ती राजस्थानातल्या सुरतगडला, हा एक योगायोग. पण कार्डावरच्या बारा गोष्टींत सामू, क्षारता, लोह सगळं असतं, चुना नसतो. मुक्त चुन्याचं प्रमाण वेगळं सांगून काढून घ्यावं लागतं. द्राक्षाच्या तुकड्यातली माती फूट-फूटभर खोलीची वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ते सोमवारी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारायला जाणार आहेत.

जेसीबीवाला ॲडव्हान्स परत द्यायला तयार नाही. त्याचं म्हणणं, होंड तरी पुरा करून घ्या. ते मला बरोबर वाटतं.