विमान पडलं म्हणून टीम मोठी झाली? जरा थांबा भिया

आमच्या इंदूरच्या फुटबॉल ग्रुपवर, म्हणजे रविवारी सकाळी पोरांना खेळवणाऱ्या आम्हा काका-मामा लोकांच्या ग्रुपवर, परत तोच फॉरवर्ड आलाय. मँचेस्टर युनायटेड आधी साधी टीम होती, 1958 ला म्यूनिखमध्ये पायलटच्या चुकीने विमान पडलं नी अख्खी टीम गेली, त्या दुःखातून दहा वर्षांनी युरोपचा कप आला, खाली लिहिलंय "दुःखच महान टीम घडवतं, प्रत्येक टीमचं हेच". आणि एका शहाण्याने त्यात आपल्या गोलकीपर पोराला टॅग केलं, ज्याचे वडील दिवाळीच्या आधी गेले. म्हणून लिहितोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी पोहे खाता खाता डिलीट करतो.

"आधी साधी टीम होती." कुठली साधी! 1956 आणि 1957, दोन्ही वर्षी इंग्लंडची लीग त्यांनीच जिंकलेली. 1957 ला युरोपच्या सेमीफायनलमध्ये रियाल माद्रिदकडून हरले, आणि अपघात झाला तेव्हा बेलग्रेडला रेड स्टारशी 3-3 खेळून परत सेमीफायनल गाठून घरी येत होते. डंकन एडवर्ड्स 21 वर्षांचा होता, अपघातानंतर पंधरा दिवस दवाखान्यात झुंजून 21 फेब्रुवारीला गेला. ती पोरं मोठी होतीच, अपघाताने मोठं केलं नाही, मोठं होता होता थांबवलं.

"अख्खी टीम गेली." विमानात 44 जण, गेले 23, त्यात खेळाडू 8. बाकी पत्रकार, क्लबचा स्टाफ, विमानाचे लोक. बॉबी चार्ल्टन वाचला, बिल फोक्स वाचला, गोलकीपर हॅरी ग्रेग तर परत आत घुसून लोकांना बाहेर काढत होता. जॅकी ब्लँचफ्लॉवर आणि जॉनी बेरी पण वाचले, फक्त पुन्हा कधी मॅच खेळू शकले नाहीत. ह्या दोघांचं नाव फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण त्यांच्याकडे दाखवायला कप नाही.

"पायलटची चूक." हे वाचून माझं डोकंच फिरलं. तिसऱ्यांदा उड्डाणाचा प्रयत्न करताना धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलाने विमानाला वेगच मिळाला नाही. पण जर्मन चौकशीत ठपका आला कॅप्टन जेम्स थेनवर, म्हणे पंखांवरचा बर्फ साफ करून घेतला नाही. माणसाची नोकरी गेली, पुन्हा विमान उडवलं नाही, कोंबड्या पाळत बसला नी स्वतःची बाजू मांडत राहिला. 1969 ला ब्रिटिश चौकशीने त्याला निर्दोष म्हटलं, 1975 ला तो गेला. म्हणजे अकरा वर्षं माणूस आपलं नाव धुवत होता आणि आपण 2 मिनिटांत परत चिकटवतो, वरून हात जोडलेली इमोजी.

"दुःखातून कप आला." 1968 ला बेनफिकाला 4-1 हरवलं हे खरं, चार्ल्टनने दोन गोल मारले हेही खरं, बघून माझ्याही डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण म्यूनिखमधून वाचलेले त्या मॅचला मैदानात दोनच, चार्ल्टन आणि फोक्स. मधल्या काळात 1963 ला लीगमध्ये 19व्या नंबरवर घसरले होते, खालच्या लीगमध्ये जाता जाता थोडक्यात वाचले. कप आला कशाने? पैसे होते, मॅट बस्बीसारखा मॅनेजर होता, 1962 ला डेनिस लॉला 1,15,000 पाउंड मोजून आणलं, बेलफास्टहून आलेला जॉर्ज बेस्ट तयार झाला.

आणि लॉला आणलं कुठून? तोरिनोकडून! इथेच "प्रत्येक टीमचं हेच" वाल्यांची गोची होते. तोरिनो म्हणजे त्या काळातली इटलीची दादा टीम, 1947 ला हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरातले दहा जण त्यांचे. 4 मे 1949 ला लिस्बनहून येताना ढगांत विमान सुपेर्गा टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं, 31 गेले, 18 खेळाडू. उरलेल्या चार मॅच क्लबच्या ज्युनियर पोरांनी खेळल्या, समोरच्यांनीही आपले ज्युनियरच उतरवले. त्यानंतर? 1959 ला खालच्या लीगमध्ये. तेव्हापासून आजपर्यंत लीग एकदाच, 1976 ला. दुःख कमी पडलं का ह्यांचं? ब्राझीलचं शापेकोएन्से घ्या, 2016 ला विमानाचं इंधन संपलं, 71 गेले, ज्या फायनलला निघाले होते तिथल्या प्रतिस्पर्ध्यांनी स्वतःच म्हटलं कप ह्यांना द्या. 2019 ला तेही खाली घसरले.

हां, झांबिया. 1993 ला गॅबॉनमध्ये लिब्रेव्हिलजवळ समुद्रात विमान पडलं, 18 खेळाडू गेले, आणि 2012 ला त्याच लिब्रेव्हिलला पेनल्टीवर आफ्रिकेचा कप जिंकला. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, अंगावर काटा येतो. पण मध्ये एकोणीस वर्षं गेली हो, नी खेळणारी पोरं सगळी दुसरी.

टॅग मी काढायला लावला. कालच्या रविवारी पोरगा आला, त्याला कुणी काही बोललं नाही. दोन पेनल्टी अडवल्या, तिसरी सरळ पायांमधून गेली, सगळे हसले, तोही हसला, मग बॉल आणायला पळाला.